ट्रंकेवरचा नंबर

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत पोटमाळ्यावर किंवा कॉटखाली एक काळी पत्र्याची ट्रंक असते. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने, हाताने रंगवलेल्या दोन-तीन ओळी. वर नंबर, त्याखाली हुद्दा आणि नाव, शेवटी पल्टण. ट्रंकेच्या मालकाला गाव 'मेजर' म्हणतं. तो मेजर नसतो. तो शिपाई, नाईक किंवा फार तर हवालदार म्हणून घरी आलेला असतो. पण फौजेतून परतलेल्या माणसाला आपल्याकडच्या गावांनी हीच पदवी दिली आहे. "काय मेजर, कुठं निघालाय?" या हाकेत थट्टा नाही, मान आहे.

या माणसाला विचारा, आयुष्यात काय केलं? तो सांगेल, "नोकरी केली की." आणि बैलाला वैरण टाकायला उठेल.

या दोन-तीन शब्दांत केवढं जग दडलेलं आहे, हे मला ती ट्रंक उघडल्यावर कळायला लागलं. इथला मेजर कुणा एकाचं चित्र नाही. अशा अनेक ट्रंकांमध्ये मिळून जे सापडतं, ते त्याच्या ट्रंकेत ठेवलं आहे. वस्तू साध्याच आहेत: कागद, बिल्ले, पत्रं. पण एकेक वस्तू हातात घेऊन 'तू इथे कशी आलीस?' असं विचारत गेलं, की ती आपल्याला मेसोपोटेमियापासून हिमनदीपर्यंत फिरवून आणते.

सुरुवात झाकणावरच्या नंबरापासूनच करू.

सात आकडे आणि एक अक्षर

पायदळातल्या जवानाचा नंबर साधारण सात आकडी असतो आणि त्याच्या शेपटाला एक इंग्रजी अक्षर असतं. हे आकडे ओळीने वाटलेले नाहीत. सुरुवातीच्या दोन आकड्यांवरून जाणकार माणूस रेजिमेंट ओळखतो. २७ म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. २६ म्हणजे ग्रेनेडिअर्स. १९६५ च्या युद्धातले परमवीर अब्दुल हमीद यांचा नंबर २६ नेच सुरू होतो. २८ म्हणजे राजपुताना रायफल्स. १९४८ चे परमवीर पिरू सिंग यांचा नंबर २८ चा. हा नंबर एकदा मिळाला की जन्मभराचा. तो पगाराच्या कागदावर असतो, पदकाच्या कडेवर असतो, पेन्शनच्या कागदावर असतो आणि माणूस गेल्यावर त्याच्या बायकोच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदावरही असतो.

नंबर लागतोच कशाला, असं वाटेल. उत्तर आपल्याच गावांत आहे. एका कंपनीत शंभर-सव्वाशे जवान, बरेचसे चार-पाच जिल्ह्यांतले. त्यांत मारुती किती, पांडुरंग किती, जाधव किती आणि पवार किती! म्हणून पल्टणीत एकाच नावाच्या दोघांना नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांनी हाक मारतात. 'जाधव त्रेसष्ट' आणि 'जाधव अठ्ठावीस' हे आयुष्यभराचे दोस्त होतात आणि म्हातारपणी फोनवरही एकमेकांना आकड्यानेच बोलावतात.

खरी गंमत त्या शेवटच्या अक्षरात आहे. ते कुणी मनाने दिलेलं नसतं, आधीच्या आकड्यांच्या हिशेबातून निघतं. प्रत्येक आकड्याला त्याच्या जागेप्रमाणे वेगळ्या संख्येने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची, बेरजेला भागायचं आणि उरलेल्या बाकीनुसार अक्षर ठरवायचं. नंबर उतरवून घेताना आपल्या हातून होणारी नेहमीची चूक म्हणजे शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल; ५६ च्या जागी ६५. प्रत्येक जागेचं वजन वेगळं असल्यामुळे अशी अदलाबदल झाली की बेरीज बदलते आणि अक्षर जुळत नाही. कारकुनाला तिथल्या तिथे कळतं की काहीतरी चुकलं. पुस्तकाच्या मागे छापलेल्या आयएसबीएनचा शेवटचा आकडाही याच कामाचा असतो.

एका माणसाच्या जागी चुकून दुसरा माणूस लागू नये, एवढ्यासाठी हे अक्षर पहाऱ्यावर उभं असतं. हे लक्षात ठेवा. या गोष्टीकडे परत यायचं आहे.

नकाशात नसलेला पत्ता

ट्रंकेत निळ्या आंतरदेशीय पत्रांचा एक गठ्ठा असतो, सुतळीने बांधलेला. त्यावरचा पत्ता पाहा. नंबर, हुद्दा, नाव, पल्टण आणि मग 'द्वारा ५६ एपीओ' किंवा 'द्वारा ९९ एपीओ'. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही.

एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ही सैन्याच्या टपालाची युक्ती आहे. ५६ एपीओची पत्रं दिल्लीच्या लष्करी टपालकेंद्रात जमतात, ९९ एपीओची कोलकात्याच्या. पल्टण आज कुठल्या खोऱ्यात आहे हे तिथे माहीत असतं. बाहेर कुणाला नसतं. पल्टण राजस्थानातून उठून काश्मीरला गेली तरी घरच्यांच्या लेखी पत्ता तोच राहतो. शत्रूच्या हाती टपालाची पिशवी लागली तरी त्याला कुठली पल्टण कुठे आहे हे समजत नाही.

आता दुसऱ्या बाजूने बघा. कोरेगाव किंवा खटाव तालुक्यातली एक बाई, कदाचित स्वतः लिहिता न येणारी. ती शाळेतल्या मुलाला बसवून पत्र सांगते: म्हैस व्याली, पाऊस नाही, धाकट्याला ताप होता, आता बरा आहे. आणि ते पत्र नवरा नेमका कुठल्या पर्वतावर उभा आहे हे माहीत नसताना धाडून देते. ते पोचतं. उत्तर येतं. त्या उत्तरातही जागेचं नाव नसतं. 'मी खुशाल आहे, थंडी फार आहे' एवढंच. दोन माणसं एकमेकांचा ठावठिकाणा धडपणे न जाणता पंधरा-वीस वर्षं संसार करतात, आणि तो उभा राहतो या दोन आकड्यांवर.

सभासदापासून चालत आलेला हुद्दा

नंबराच्या खाली हुद्दा. नाईक. हवालदार. आपण हे शब्द इतक्या सहज बोलतो की त्यांचं वय विसरतो. शिवाजी महाराजांच्या पायदळाची रचना सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवली आहे. पाइकांवर नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, त्यावर जुमलेदार, त्यावर हजारी. जुमलेदार आणि हजारी काळाच्या ओघात गेले. नाईक आणि हवालदार राहिले. कंपनी सरकारने मुंबई बेटाच्या रक्षणासाठी १७६८ मध्ये शिपायांची पल्टण उभी केली, तेव्हा या मातीतले हुद्दे तिथेही गेले. ती पल्टण आज मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन आहे, जिला सगळे 'जंगी पल्टण' म्हणतात.

म्हणजे आज जम्मूत दहाजणांची तुकडी घेऊन गस्तीला निघणारा नाईक जो हुद्दा दंडावर लावतो, त्याच नावाचा हुद्देदार साडेतीनशे वर्षांपूर्वी आपले पाइक घेऊन किल्ल्याच्या तटावर पहारा देत होता. राज्यं बदलली, शस्त्रं बदलली, पगार देणारा बदलला. मूठभर माणसांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव तेवढं टिकलं.

आकडा आहे, नाव नाही

ट्रंकेच्या तळाशी बहुधा अजून जुनं काहीतरी असतं. आजोबांचा, पणजोबांचा एखादा बिल्ला.

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. सगळे त्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, कारण तिथे घरटी माणूस फौजेत जाण्याची रीत आहे. पहिल्या महायुद्धात आपल्या ४६ जणांनी प्राण दिले, असं हे गाव सांगतं. गावात त्याचं स्मारक आहे. असे शिलालेख त्या काळी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या अनेक गावांत बसवले. मजकूर साधारण एकच: या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. इतकी आणि इतक्यांनी. नावं नाहीत.

मराठा पल्टणी तेव्हा कुठे होत्या? सगळ्यात कठीण प्रसंग इराकात, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, कुत अल अमारा इथे आला. टायग्रिस नदीच्या वळणावरचं हे लहानसं गाव. सहावी डिव्हिजन, जिचं नावच 'पूना डिव्हिजन', तिथे ७ डिसेंबर १९१५ ला तुर्की फौजेच्या वेढ्यात सापडली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पल्टणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपत आलं. घोडे कापून खायची वेळ आली आणि घोड्याचं मांस खायचं की नाही, या पेचात कित्येक हिंदी शिपाई उपाशी राहिले. शेवटच्या आठवड्यांत विमानांतून पिठाची पोती टाकली गेली. वेढ्यात अडकलेल्यांना आकाशातून अन्न पुरवण्याच्या जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. त्या विमानांनी आणखी एक गोष्ट खाली टाकली: धान्य दळायला जात्याचे दगड!

साताऱ्याच्या माणसाच्या डोळ्यांनी हे क्षणभर बघा. घरी पहाटे आईच्या जात्याची घरघर ऐकत उठलेला पोरगा. इथे, टायग्रिसच्या काठी, भुकेने पोट खपाटीला गेलेलं असताना तो वर बघतो, तर आभाळातून जातं पडतंय.

२९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. सुमारे १३ हजार सैनिक कैद झाले. त्यांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेलं गेलं. हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास-अल-ऐन इथे रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपलं. फार मोठ्या संख्येने माणसं त्या वाटेवर आणि त्या कामावर मेली.

इराकात बसऱ्याला या मोहिमेत मेलेल्या आणि थडगं न मिळालेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली आहेत. हिंदी शिपायांची मात्र नाहीत. तिथे पल्टणीचं नाव, अधिकाऱ्याचं नाव आणि पुढे फक्त एक संख्या आहे: आणखी इतके हिंदी सैनिक. अशा थडग्यांची आणि स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये एका अहवालात या भेदभावाची कबुली दिली.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. आकडा माणसाला ओळख देऊ शकतो, तसा त्याला पुसूही शकतो. ट्रंकेवरचा सात आकडी नंबर एकाच माणसाचा असतो. बसऱ्याच्या दगडावरची संख्या कुणाचीच नाही.

उंब्रियातलं सूर्यघड्याळ

दुसऱ्या महायुद्धात मराठा पल्टणी एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढल्या आणि मग इटलीत उतरल्या. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातला २२ वर्षांचा नाईक यशवंत घाडगे एका मशीनगनवर एकटा धावून गेला. त्याच्या तुकडीतली बाकीची सगळी माणसं मेली होती किंवा जखमी झाली होती. त्याने हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली. गोळ्यांचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक लाठीसारखी फिरवून उरलेल्यांशी लढला आणि मग लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

उंब्रिया प्रांतात मोंतोने नावाचं डोंगरावरचं जुनं गाव आहे. तिथे २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांचं स्मारक झालं. ते आहे एक सूर्यघड्याळ. कोकणच्या पोराच्या नावाने इटलीतल्या एका गावात रोज सावली सरकते आणि वेळ सांगते!

घाडगे परतले नाहीत. नामदेव जाधव परतले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला हा शिपाई कंपनीचा धावक होता; निरोप इकडून तिकडे नेणं हे त्याचं काम. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनियो नदीच्या काठी त्याने गोळ्यांच्या माऱ्यात दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग परत फिरून मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या आणि काठावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना दिली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून तो जिवंत घरी आला आणि १९८४ मध्ये पुण्यात वारला. एवढं करून आलेला माणूस पुढे जवळजवळ चाळीस वर्षं आपल्यात होता. बाजारात भाजी घेत होता, एस.टी.ची वाट बघत होता. शेजारी बसलेल्याला काय कल्पना असणार!

मिनिटाला १४० पावलं

पण साध्या घरातला पोरगा असा उभा कसा राहतो? त्याची सुरुवात बेळगावात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरच्या परेड ग्राउंडवर होते. आणि ती अगदी साध्या गोष्टीने होते: चालायला शिकून.

पायदळाची नेहमीची जलद चाल मिनिटाला १२० पावलांची. लाइट इन्फंट्रीची १४०. म्हणजे तासाभरात बाराशे पावलं जास्त. याचं मूळ जुन्या युद्धपद्धतीत आहे. तेव्हाचं पायदळ दाट रांगा करून लढे. लाइट इन्फंट्रीचे शिपाई मात्र त्या रांगांच्या पुढे विखरून पळायचे, शत्रूची चाचपणी करायचे आणि गरज पडली की झटकन मागे यायचे. विखुरलेल्या माणसांना नगाऱ्याचा आवाज पुरेसा पडत नसे, म्हणून हुकूम बिगुलावर दिले जात. ती लढाई इतिहासजमा झाली. चाल राहिली आणि बिल्ल्यावर बिगुलही राहिला.

एकत्र पावलं टाकण्याने माणसात काय होतं, याचा विचार विल्यम मॅकनील या अमेरिकन इतिहासकाराने केला. १९४१ मध्ये ते स्वतः टेक्सासमध्ये सैनिक म्हणून भरती झाले होते आणि बंदुका अपुऱ्या असल्याने त्यांना तासन् तास नुसती कवायत करावी लागली. तिचा उपयोग काहीच नव्हता, तरी तालात चालताना अंगभर पसरणारं समाधान ते विसरले नाहीत. पन्नासहून अधिक वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की स्नायूंनी एकत्र ताल धरला की 'मी' आणि 'आम्ही' यांच्यातली भिंत पातळ होते, आणि माणसं एकमेकांसाठी उभी राहायला तयार होतात.

आपल्याला हे समजायला टेक्सासला जावं लागत नाही. वारीत टाळ-मृदंगावर पाउली खेळणाऱ्या माणसाला ते माहीत आहे. लेझीम खेळलेल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. बेळगावच्या मैदानावर फक्त त्याला शिस्तीची जोड मिळते. आणि ती अंगातून जात नाही. सत्तरीतला मेजर रस्त्याने चालला असेल तर त्याच्या बरोबर चालून बघा. पाचव्या-सहाव्या पावलाला तुमचं पाऊल त्याच्या पावलाशी जुळलेलं असतं. जुळवून कोण घेतं, तुम्ही की तो, हे सांगता येत नाही.

रंगीत फिती आणि पातळ हवा

ट्रंकेतल्या डब्यात पदकं असतात. शौर्याची नव्हेत, हजेरीची. पण फिती वाचता आल्या तर ते माणसाचं प्रवासवर्णन आहे. 'पूर्वी स्टार' असेल तर हा १९७१ मध्ये बांगलादेशच्या आघाडीवर होता. कदाचित जमालपूरला, जिथे जंगी पल्टणीने वेढा घातला होता, किंवा टांगाइलला, जिथे ११ डिसेंबर १९७१ ला दुसरी पॅरा (मराठा) बटालियन विमानांतून उतरली. 'पश्चिमी स्टार' असेल तर तो पश्चिमेच्या सीमेवर होता. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं पदक असेल तर १९७२ च्या १५ ऑगस्टला त्याच्या अंगावर वर्दी होती. पदक उलटं करून कडेवर बोट फिरवा. तिथे बारीक अक्षरांत त्याचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. या बाबतीत शिपायाचं पदक आणि जनरलचं पदक सारखंच.

पुढच्या पिढीच्या, पुतण्याच्या किंवा मुलाच्या ट्रंकेत सियाचीनची आठवण असते. १३ एप्रिल १९८४ पासून आपलं सैन्य तिथे आहे. साताऱ्याची उंची साधारण ७०० मीटर. सियाचीनच्या कितीतरी चौक्या १८ हजार फुटांच्या, म्हणजे साडेपाच हजार मीटरच्या आसपास किंवा वर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच.

माणसाला एकदम तिथे नेलं तर फुप्फुसांत पाणी भरून तो मरू शकतो. म्हणून त्याला टप्प्याटप्प्याने वर नेतात. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, मग १५ हजारांपर्यंत चार, मग त्यावर आणखी चार. या चौदा दिवसांत शरीरात जे घडतं ते थक्क करणारं आहे. आधी श्वास जलद होतो. मग मूत्रपिंडांना कळतं की रक्तात प्राणवायू कमी आहे. ती एक संप्रेरक सोडतात, ते हाडांतल्या मज्जेपर्यंत पोचतं आणि मज्जा जास्त तांबड्या पेशी बनवायला लागते. कुणी न शिकवता, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेलं शरीर हिमनदीवर जगायची तयारी करतं. जवान खाली उतरला की काही आठवड्यांत त्या जादा पेशी जातात. रक्त सगळं विसरतं. हिमदंशाने गेलेलं बोटाचं पेर मात्र परत येत नाही.

पस्तिशीतली निवृत्ती

बाकीच्यांची नोकरी जिथे बहराला येते, तिथे याची संपते. शिपायाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची सेवा लागते आणि हुद्दा लहान असेल तर पस्तिशी-चाळिशीतच घरी यावं लागतं. देशात दरवर्षी सुमारे ६० हजार सैनिक असे परततात. मुलं शाळेत, आईबाप थकलेले, घर अर्धं बांधलेलं. मग बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहणं, कारखान्याच्या गेटवर वही सांभाळणं, नाहीतर शेती. या दुसऱ्या आयुष्याची वर्षं पहिल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट असतात आणि त्याबद्दल पदक मिळत नाही.

पण या दुसऱ्या आयुष्यानेच महाराष्ट्र घडवला आहे. दापोलीची वसाहत पेन्शनर सैनिकांची. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन तिथे राहिले आणि दोन वर्षांत 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेला प्रश्न विचारू लागले. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज करण्यातही ते पुढे होते. आणि सुभेदार रामजी सकपाळ? महूच्या छावणीतल्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन आधी दापोलीला, मग साताऱ्याला आले. पुढे खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशिअर म्हणून राहिले. निवृत्त सैनिकाची नेहमीची धडपड, दुसरी नोकरी. वडिलांना भेटायला निघालेल्या त्यांच्या मुलांना मसूर स्टेशनपासूनच्या प्रवासात जातीमुळे पाणीही मिळालं नाही. त्या मुलांपैकीच एक, बाबासाहेब आंबेडकर, यांनी तो प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिला आहे.

या माणसांनी छावणीत एक गोष्ट पाहिली होती. तिथे लिहायला-वाचायला शिकवतात, आणि शिकल्याने हुद्दा वाढतो. गावाने शतकानुशतकं नाकारलेलं अक्षर पल्टणीत मिळालं आणि पेन्शनबरोबर घरी आलं. रामजींनी ते आपल्या मुलाच्या हातात ठेवलं. एका निवृत्त सुभेदाराच्या त्या हट्टाचं देणं आपण सगळे आजही लागतो.

दर नोव्हेंबरला

ट्रंकेतली सगळ्यात जपलेली वस्तू म्हणजे कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. त्यात डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, जो प्रयागराजच्या कार्यालयातून निघतो. सैन्यात लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये प्रसिद्ध होते. बाळाचा जन्म हाही तिथे एक हुकूम असतो! ही नोंद राहून गेली किंवा बायकोचं माहेरचंच नाव तिथे पडलं, तर त्याचा त्रास चाळीस वर्षांनी होतो, नवरा गेल्यावर, जेव्हा ती बाई एकटी कागद घेऊन कार्यालयात जाते. म्हणून प्रत्येक मेजरला माझं एवढंच सांगणं आहे. आजच बायकोला समोर बसवा आणि कागदावरचं तिचं नाव अक्षर अन् अक्षर जुळवून घ्या.

दर नोव्हेंबरला त्याला आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून हे यंत्रावर करता येतं. कॉम्प्युटरच्या दुकानात तो अंगठा ठेवतो. नांगराने आणि खुरप्याने ठसा इतका झिजलेला असतो की यंत्र त्याला ओळखत नाही. मग डोळा दाखवायचा किंवा चेहरा.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. भरती झालेल्यांपैकी पाव जण पुढे कायम होणार, बाकीचे चार वर्षांनी एकरकमी निधी घेऊन घरी येणार, पेन्शनशिवाय. पंचविशीच्या आत 'माजी सैनिक' झालेले तरुण गावात दिसू लागतील. त्यांच्या ट्रंकेत काय असेल आणि गाव त्यांना मेजर म्हणेल का, हे आपण कसे वागतो यावर ठरणार आहे.

गेल्या नोव्हेंबरात अशाच एका दुकानात मी बसलो होतो. नात आजोबांचा अर्ज भरत होती. तिने नंबर विचारला. कागद न बघता त्यांनी सात आकडे सांगितले, परेडवर सांगावेत तसे, पाठ ताठ करून. तिने टाइप केले आणि पुढच्या रकान्यात गेली.

"थांब," ते म्हणाले. "शेवटचं अक्षर राहिलं. ते नसलं तर मी दुसराच कुणी होईन."

तिने मागे जाऊन ते अक्षर घातलं.